काळजी घेऊनही ग्लूटेन पोटात जाते तेव्हा

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत. सीलिएक आजाराचे, म्हणजे धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या विकाराचे, निदान झाले, गहू, बार्ली आणि राय ही तिन्ही धान्ये सोडली, लेबले वाचणे अंगवळणी पडले आणि तरीही मधूनच पोट बिघडते. या पत्रांत तक्रारीपेक्षा अपराधीपणाचा सूर अधिक आहे आणि तोच मला जास्त खटकतो, म्हणून त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : निदान होऊन चार वर्षे झाली. बाहेर जेवताना मी प्रत्येक पदार्थ विचारूनच मागवते. तरीही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जेवणानंतर दोन तासांत मळमळ सुरू होते, उलट्या होतात आणि पुढचे दोन दिवस अंगात त्राण राहत नाही. माझे नेमके कुठे चुकते?

आपण वेळ नोंदवून ठेवलीत, हे फार चांगले केले. ग्लूटेनमधील प्रथिनांचे काही तुकडे आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत. ते न पचताच लहान आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतात आणि सीलिएक असलेल्या व्यक्तीच्या शरीरातील काही टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, त्यांना शत्रू म्हणून ओळखतात. पथ्यावर असलेल्या रुग्णांनी पुन्हा ग्लूटेन खाल्ल्यावर रक्तातील इंटरल्यूकिन-२ हा संदेशवाहक घटक दोन ते चार तासांत वाढतो आणि मळमळ व उलट्या साधारण त्याच सुमारास होतात, असे अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे आपल्याला कोणी म्हटले असेल, तर ते मनावर घेऊ नका. मात्र इतक्याच वेळात शिळ्या किंवा दूषित अन्नानेही उलट्या होऊ शकतात. सोबत जेवलेल्यांपैकी आणखी कोणाला त्रास झाला का, हे दर वेळी अवश्य विचारा.

आता चुकीविषयी. ‘यात गहू आहे का?’ असे आपण विचारता, समोरचा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि तरीही ग्लूटेन ताटात येते, कारण ते पाककृतीत नसून पाण्यात, तेलात किंवा झाऱ्यावर असते. ज्या पाण्यात साधा पास्ता उकळला त्याच पाण्यात ग्लूटेनमुक्त पास्ता शिजवला, तर ग्लूटेन त्यात उतरते, हे प्रयोगांत मोजून दाखवलेले आहे. उपाहारगृहांतील सामायिक कढईत तळलेल्या बटाट्यांचे २० नमुने एका अमेरिकी अभ्यासात तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी ९ नमुन्यांत ग्लूटेन सापडले; ते बटाटे, तेल आणि मीठ यांत गव्हाचा कणही नव्हता. म्हणून यापुढे प्रश्न बदलून पाहा. ‘हे कोणत्या तेलात तळता, त्यात आणखी काय तळले जाते?’, ‘रस्सा दाट करायला कोणते पीठ लावता?’, ‘सोया सॉस कोणता आहे?’ असे विचारा, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. या प्रश्नांना ठाम उत्तर मिळत नसेल, तर तो पदार्थ सोडून द्यावा. जे अन्न आपल्यापर्यंत येईतो चार जणांच्या हातांतून जाते, त्याचा सगळा दोष आपण स्वतःच्या माथी घेऊ नये.

प्रश्न : घरात मी एकटाच ग्लूटेनमुक्त खातो. माझी ताटे, वाट्या, कढई सगळे वेगळे आहे. तरीही त्रास होतो. एखाद्या कणाने खरेच एवढे बिघडते का?

आधी प्रमाण सांगतो, कारण त्यावाचून भीती आणि निष्काळजीपणा या दोन्हींना लगाम बसत नाही. गव्हाच्या पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम, म्हणजे २,००० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, पथ्य पाळणाऱ्या रुग्णांपैकी काहींना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन देण्यात आले, आणि तेवढ्यानेही त्यांच्या आतड्याच्या अस्तराची झीज दिसून आली. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या कापाचा चाळिसावा हिस्सा. चिमटीत सहज मावेल इतका चुरा. रोज १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेकांना सोसते, असे सामान्यतः मानले जाते. ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. त्या कमाल मर्यादेवरचे अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्ले, तरी हिशेब १० मिलिग्रॅमवरच येतो. याचा अर्थ असा की, एखाद्या दिवशी चुकून गेलेल्या कणाने आतडे उद्ध्वस्त होत नाही. मात्र रोज नकळत जाणारी चिमूट घातक ठरते, आणि घरात शोधायची ती हीच.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी आपल्यासारखेच सगळे वेगळे केले होते. ज्या ज्या वस्तूला पीठ लागते त्या सगळ्यांची यादी करा, असे मी त्यांना सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी यादीबरोबर पिठाची चाळणीही आणली, कारण ती घरात एकच होती. चाळणी लख्ख धुतलेली होती. जाळी जिथे कडेच्या पत्र्यात दुमडलेली असते, त्या खाचेतून मी टाचणी फिरवली, तेव्हा खालच्या कागदावर वाळून कडक झालेल्या पिठाची करडी रेघ पडली. त्या चाळणीतून त्या चार वर्षे स्वतःचे तांदळाचे पीठ चाळत होत्या.

म्हणून जाळी, भेगाळलेले लाकूड आणि चरे पडलेली भांडी पूर्णपणे वेगळी ठेवावीत. गुळगुळीत स्टील आणि काच साबणाने घासून वाहत्या पाण्याखाली धुतली, की पुरेसे असते. उष्णतेने किंवा निर्जंतुक करणाऱ्या द्रवाने ग्लूटेन नाहीसे होत नाही, कारण तो जंतू नव्हे, प्रथिन आहे. ते धुऊनच काढावे लागते. लोणी आणि मुरंब्याच्या सामायिक बरण्यांकडेही पाहा, त्यांत पावाचा चुरा लागलेली सुरी रोज बुडत असते. कोरडे पीठ हवेत उडते, घशाशी बसते आणि थुंकीवाटे पोटात जाते, त्यामुळे आपला स्वयंपाक आधी उरकून झाकून ठेवावा. ओट्स खात असाल, तर ‘ग्लूटेनमुक्त’ असा स्पष्ट उल्लेख असलेलेच घ्या. साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळलेला असतो.

प्रश्न : माझी सीलिएकसाठीची टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी दोनदा सर्वसामान्य आली. तरीही पोट रोज फुगते आणि जुलाब होतात. मी पथ्य आणखी कडक करावे का?

माझ्या मते नाही. निदान इतक्यात तरी नाही. ही रक्ततपासणी किरकोळ चुका पकडण्याइतकी सूक्ष्म नाही, हे खरे आहे. पण रोजचा, एकाच पातळीवरचा त्रास असेल, तर अधूनमधून होणाऱ्या चुकीपेक्षा दुसऱ्या कारणाचा संशय आधी घ्यावा. आतड्याचे अस्तर झिजले की दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडते आणि दुधाने गुबारा धरतो; अस्तर भरून येते तसे हे बहुधा सुधारते. कांदा, लसूण आणि कडधान्ये यांतील काही कर्बोदके पोटात आंबतात आणि अगदी ग्लूटेनसारखाच त्रास देतात. लहान आतड्यात जीवाणूंची वाढ होणे, स्वादुपिंडाचे पाचकरस अपुरे पडणे, मोठ्या आतड्याची सूक्ष्म सूज ही कारणेही सीलिएकच्या जोडीने आढळतात, आणि प्रत्येकावर वेगळा उपचार आहे. पथ्य कडक करत गेल्याने यांतले एकही बरे होत नाही, उलट ताटातले अन्न तेवढे कमी होते.

जेथे सोय असेल तेथे मूत्रातील किंवा शौचातील ग्लूटेनच्या तुकड्यांची तपासणी करून घ्यावी. मूत्रात साधारण एक-दोन दिवसांपूर्वीचे, तर शौचात त्याआधीच्या काही दिवसांचेही ग्लूटेन दिसू शकते. निदानाला किती काळ झाला, हे आपण लिहिलेले नाही. २०१० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, प्रौढ रुग्णांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांचे अस्तर दोन वर्षांत पूर्ववत झाले होते, आणि पाच वर्षांनी सुमारे दोन तृतीयांश जणांचे. आतडे सावकाश भरून येते.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने मित्राकडे चुकून केक खाल्ला. त्याला काहीच झाले नाही. आता तो म्हणतो की आपला आजार गेला.

आजार जात नाही. तो आयुष्यभर राहतो. लक्षणांची तीव्रता आणि आतड्याची इजा यांचे गणित जुळत नाही, एवढी गोष्ट त्याला नीट समजावून सांगा. काहींना चिमूटभर पिठाने उलट्या होतात, काहींना काहीच जाणवत नाही आणि आतून लोह, कॅल्शियम शोषले जाणे मंदावत जाते. वाढीच्या वयात त्याची किंमत उंची आणि हाडे मोजतात. पण माझी कळकळीची विनंती आहे की त्याला रागावू नका. या वयाची मुले पथ्य मोडतात त्याहून जास्त पथ्य मोडल्याचे लपवतात, आणि लपवलेल्या चुकीवर कोणालाच उपाय करता येत नाही. त्याने आपणहून केकविषयी सांगितले, यातच घरातील मोकळेपणा दिसतो, तो जपा.

प्रश्न : ग्लूटेन पचवणाऱ्या विकरांच्या गोळ्या बाहेर जेवण्याआधी घेतल्या तर चालते का? आणि पोटात गेलेच, तर त्या दिवशी काय करावे? आता तर मला ओठांच्या रंगाची आणि टोस्टरचीही भीती वाटते.

बाजारातील या गोळ्यांच्या भरवशावर सीलिएकच्या रुग्णाने ग्लूटेन खाऊ नये. त्या संरक्षण देतात असा पुरावा नाही. पोटात गेलेल्या ग्लूटेनवर उतारा नाही. त्या दिवशी घोट घोट पाणी किंवा क्षारसंजीवनी घ्यावी, पचायला हलके खावे, विश्रांती घ्यावी आणि जेवलेल्या पदार्थांची नावे व वेळा लिहून ठेवाव्यात. बहुतेकांना काही तासांत ते दोन-तीन दिवसांत बरे वाटते. शौचातून रक्त पडले, ताप आला, पाणीही पोटात ठरेनासे झाले किंवा वजन उतरत गेले, तर ते ग्लूटेनच्या नावावर खपवू नका, डॉक्टरांना गाठा. खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तर तो सीलिएक नसून गव्हाची ॲलर्जी असू शकते आणि ती तातडीची बाब आहे.

त्वचेवर लावलेल्या वस्तूंमधील ग्लूटेन त्वचेतून आत जात नाही. ओठांचा रंग थोडाफार गिळला जातो, पण ते प्रमाण नगण्य असते. मनाला स्वस्थता हवी असेल, तर ग्लूटेन नसलेला निवडा. सामायिक टोस्टरमधून अपेक्षेपेक्षा बरेच कमी ग्लूटेन पावाला लागते, असे प्रयोगांत आढळले आहे. वेगळा घेणे परवडत असेल तर जरूर घ्या, पण पाहुणे म्हणून गेलेल्या घरी एकदा तो वापरावा लागला, तर रात्रभर जागू नका. ती जाग तळणीच्या तेलाविषयी आणि पिठाच्या चाळणीविषयी ठेवा.