१३.९० युरोवर सही करू नका

एजंट म्हणतो, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या वृद्धाश्रमात कायद्याप्रमाणे तासाला १३.९० युरो मिळतील आणि पहिला महिना ट्रेनिंगचा, बिनपगारी. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. आकडा खरा, पण तो तुमच्यासाठीचा नाही. १३.९० हे जानेवारी २०२६ पासूनचं सर्वसाधारण किमान वेतन, गोदामात खोकी उचलणाऱ्यालाही तेच. वृद्धाश्रम आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांना वेगळा, वरचा दर लागतो. १ जुलै २०२५ पासून तो मदतनिसाला १६.१०, वर्षभराचं प्रशिक्षण झालेल्याला १७.३५ आणि मान्यताप्राप्त नर्सला २०.५० झाला. आपलं नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी इथे मान्य होईपर्यंत तुम्हाला मदतनीसच धरतील. मनाला लागतं ते, पण तरी १३.९० नाहीच.

पेशंटला उठवताय, भरवताय म्हणजे ते काम झालं. ट्रेनिंग म्हटल्याने पगार बुडत नाही. 'किमान वेतन नको' असं लिहून घेतलं तरी त्या कागदाला कायद्यात किंमत नाही.

खरी गळती मात्र दरात नसते, तासांत असते. पाळी सहाची, पण हँडओव्हरला पावणेसहाला बोलावतात आणि ती पंधरा मिनिटं कुठेच चढत नाहीत. घरोघरी जायचं असेल तर एका आजींकडून दुसऱ्या आजोबांकडे जायचा वेळही पगारी. २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने, आजींच्या घरी राहून काम करणाऱ्या एका बल्गेरियन बाईंच्या खटल्यात, हाकेला हजर राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू केलं. म्हणून छोटी वही ठेवा: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मधली सुट्टी. त्याच दिवशी लिहायचं, आठवड्याने आठवून नाही.

पगार, तास, रजा हे मालकाने लेखी द्यायलाच हवं. आरोग्य आणि पेन्शनच्या हप्त्यात तो साधारण निम्मा वाटा भरतो, अपघात विमा मात्र पूर्ण त्याचा. अपघात विम्याचा हप्ता पे-स्लिपवर तुमच्या नावे कापलेला दिसला तर लगेच विचारा. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार चालू राहतो. किमान वेतन तपासायला इथे चक्क कस्टमवाले येतात, आणि दंड पाच लाख युरोपर्यंत जाऊ शकतो.

एजंटला फोनवर नको, ईमेलवर विचारा: तासाचा दर, आठवड्याचे तास, खोलीचं भाडं. आणि नोकरी मध्येच सोडली तर भाषेच्या कोर्सचे पैसे परत मागणार का, हेही.