कॉलेजच्या मॅचला लाखभर पब्लिक?

प्रश्न : भाचा मिशिगनला शिकायला गेला, त्यानं स्टेडियमचा फोटो धाडला, म्हणे मामा, कॉलेजची मॅच आहे न लाखावर पब्लिक आहे. मी म्हटलं, काहून फेकतं बे! अन् बॉल हातात घेऊन पळतात, त्याले फुटबॉल काहून म्हणायचं? दुसरं, माही पोरगी नववीत आहे, बास्केटबॉल खेळते, तिले तिकडं स्कॉलरशिप भेटन काय?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, भाचा फेकत नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ लोकांची सोय आहे, त्याला बिग हाउसच म्हणतात. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला कशी गावंच्या गावं लोटतात, तसं तिकडं शनिवारी असतं, कॉलेज सोडून वीस वर्षं झालेला माणूसही युनिव्हर्सिटीचा शर्ट घालून हजर. आपल्याकडं इंटरकॉलेजिएटला पाहणारे कोण, तर बाकावरचे राखीव खेळाडू अन् पाण्याची कॅन आणलेला शिपाई.

तो फुटबॉल रग्बीचा भाऊबंद, नाव तेवढं जुनंच राहिलं. अकरा-अकरा जण, चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडं.

बास्केटबॉल मात्र १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या जेम्स नेस्मिथ मास्तरनं काढला, थंडीत पोरं हॉलमध्ये गुंतवायची म्हणून पीचच्या टोपल्या टांगल्या न झालं. पुढं तो कॅन्सस युनिव्हर्सिटीत कोच झाला, अन् गंमत म्हणजे तिथल्या पोरांच्या बास्केटबॉल टीमच्या सगळ्या कोचमध्ये जिंकल्यापेक्षा जास्त मॅच हरलेला हा एकटाच! १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला तेव्हा नेस्मिथ तिथं होता, अन् आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही त्याच बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवून आलं. आता दर मार्चमध्ये ६८ कॉलेजांची नॉकआउट असते, हरला की घरी.

पैशाचं म्हणाल तर कोच कोट्यवधी कमवायचे अन् पोरांना फक्त फी, राहणं, जेवण. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, २०२५ पासून कॉलेजही थेट देऊ शकतं. पण परदेशी पोरांना स्टुडंट व्हिसावर कमाईची बंधनं असतात, त्या पैशावर हिशोब मांडू नका.

पोरीला स्कॉलरशिप भेटू शकते, १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं मुलींना खेळात बरोबरीची संधी द्यावीच लागते. मात्र तिकडच्या कॉलेज-खेळांच्या मोठ्या संघटनेत, एनसीएएत, तीन गट असतात; त्यातल्या डिव्हिजन वन अन् टू मध्येच, थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते. नववीपासूनचे मार्क मोजतात, म्हणजे तिचं खातं आत्ताच सुरू झालं! मुरमाच्या ग्राउंडवर, बिनजाळीच्या रिंगवर खेळते का, चालते, पण पूर्ण मॅचचा व्हिडिओ काढा, नुसते बास्केट पडलेले तुकडे नको. लाखभर द्या, ॲडमिशन पक्की म्हणणारा एजंट आला तर चहा पाजून वाटेला लावा. कोचला ईमेल स्वतःच करायचा असतो, इंग्रजी भाच्याकडून तपासून घ्या, पण आधी त्याला फोन करून सॉरी म्हणा.