श्रद्धांजलीच्या मसुद्याविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या स्मृतिदिनासाठी तू लिहिलेला मसुदा मी दोनदा वाचला. लहानपणी ज्याला आकाशात उडताना पाहिले, त्या नटाविषयी वाटणारे तुझे प्रेम खरे आहे. माझा आक्षेप एकाच वाक्यावर आहे: ‘पडद्यावरचा सुपरमॅन प्रत्यक्षातही सुपरमॅन ठरला.’ हे वाक्य २००४ सालापासून असंख्य लेखांत येऊन गेले आहे आणि ज्याच्या मृत्यूचा शोक आपण करतो, तो माणूसच त्यामुळे झाकला जातो.

२७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियातील कल्पेपर येथे घोडेस्वारीच्या स्पर्धेत त्यांचा घोडा अडथळ्यापाशी अचानक थांबला, रीव्ह डोक्यावर पडले मानेचे वरचे दोन मणके मोडले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. वय होते बेचाळीस. त्यानंतरच्या नऊ वर्षांत श्वासासाठी व्हेंटिलेटर, कूस बदलण्यासाठी दुसऱ्याचे हात, रात्रंदिवस शुश्रूषा आणि तिचा न संपणारा खर्च असे त्यांचे आयुष्य होते. त्यांच्याजवळ नाव आणि पैसा होता, तरीही विम्याच्या आजीवन भरपाईची मर्यादा किती लवकर संपते हे त्यांना स्वतःच्या कागदपत्रांवरून कळले. म्हणून ही मर्यादा दहा लाख डॉलरवरून एक कोटीपर्यंत वाढवावी, असा आग्रह त्यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे धरला. ती मागणी तेव्हा मान्य झाली नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याने अशा मर्यादा काढल्या, पण ते पाहायला ते नव्हते. मार्च १९९६ मधील ऑस्कर समारंभात त्यांना पाहून सभागृह उभे राहिले, तो प्रसंग तू तीन परिच्छेद रंगवला आहेस आणि विम्याला एक ओळही दिलेली नाहीस. माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे.

आता अवघड भाग. रीव्ह यांच्यावर अनेक अपंग कार्यकर्ते नाराज होते आणि ती नाराजी निराधार नव्हती. मज्जारज्जूची इजा बरी व्हावी, आपण पुन्हा चालावे, यावर त्यांचा मोठा भर होता. जानेवारी २००० मधील एका जाहिरातीत तर संगणकाच्या साहाय्याने त्यांना चालताना दाखवले गेले. ज्यांचा लढा चाकाच्या खुर्चीसाठी उतार, चढता येईल अशी बस, नोकरी आणि घरी मिळणारी मदतनीस सेवा यांसाठी होता, त्यांना असे वाटले की या एका प्रसिद्ध चेहऱ्यामुळे लोक पुन्हा ‘बिचारे कधी बरे होतील’ एवढेच विचारू लागतील. शोकलेखात हा वाद घातल्याने अनादर होतो असे तू कळवले आहेस. मला तसे वाटत नाही. मूळपेशींच्या (स्टेम सेल) वादग्रस्त संशोधनासाठी सरकारी पैसा मागताना ते स्वतः कोणाच्या रोषाला भ्यायले नाहीत, मग त्यांच्याविषयी लिहिताना आपण का भ्यावे? (केवळ गोड लिहिलेली श्रद्धांजली वाचताना मला नेहमी शंका येते की लेखकाने त्या माणसाला नीट पाहिलेच नाही.)

मृत्यूचे कारणही गाळू नकोस. शय्याव्रणाच्या (एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेच्या) संसर्गावर उपचार चालू असताना त्यांचे हृदय बंद पडले आणि १० ऑक्टोबर २००४ रोजी, बावन्नाव्या वर्षी, ते गेले. उत्तम शुश्रूषा मिळणाऱ्या माणसालाही शय्याव्रणाचा धोका टळत नाही, हे खाटेला खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही घराला सांगावे लागणार नाही. तुझा लेख अशा घरांतही वाचला जाईल, हे लक्षात ठेव.

डेना रीव्ह यांचा उल्लेख तू ‘समर्पित पत्नी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपला आहेस. मज्जारज्जूच्या इजेवर काम करणाऱ्या पतीच्या संस्थेची धुरा त्यांच्या पश्चात डेना यांनी वाहिली आणि मार्च २००६ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याही गेल्या. आज ती संस्था दोघांच्या नावाने ओळखली जाते. ऑस्करच्या तीनपैकी एक परिच्छेद त्यांना दे, शीर्षक बदल आणि नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
शुभचिंतक