वेग, वेळ, अंतराची शाब्दिक उदाहरणं: सूत्र पाठ आहे, पण समीकरण मांडता येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नववीतल्या लेकीला ‘अंतर = वेग × वेळ’ हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की वही कोरी राहते. मी बरीच वर्षं संध्याकाळी घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि नेमकं हेच अडणं दर वर्षी पाहते. तिची हुशारी कमी पडतेय असं कृपया समजू नका. सूत्रातून रकमा मिळतात, पण समीकरणाचं ‘बरोबर’चं चिन्ह उदाहरणातल्या एखाद्या वाक्यात दडलेलं असतं. ते वाक्य ओळखायचं कसं, हे बहुतेकदा तिला कुणी दाखवलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊन सांगते. पुणे ते कोल्हापूर अंतर २३० किमी धरू. सकाळी ७ वाजता पुण्याहून एसटी निघाली, वेग ताशी ५० किमी. ८ वाजता कोल्हापुराहून एक मोटार पुण्याकडे निघाली, वेग ताशी ७० किमी. दोघींची गाठ किती वाजता पडेल?

वहीवर तीन रकाने आखायला सांगा: वेग, वेळ, अंतर. प्रत्येक गाडीला एक ओळ. वेग दिलेलेच आहेत, ते आधी भरायचे. एसटीची वेळ क्ष तास धरली, तर तासभर उशिरा निघालेल्या मोटारीची वेळ क्ष − १. (इथे पुष्कळ मुलं क्ष + १ लिहितात. ‘उशिरा निघाली म्हणजे रस्त्यावर जास्त वेळ होती की कमी?’ एवढं विचारलं की स्वतःच खोडतात.) आता तिसरा रकाना सूत्राने भरायचा: ५०क्ष आणि ७०(क्ष − १).

मग उदाहरण पुन्हा वाचायचं आणि शोधायचं, कुठली माहिती अजून वापरली नाही? २३० किमी. त्यातूनच समीकरण मिळतं. दोघींनी मिळून सगळा रस्ता संपवला, म्हणून ५०क्ष + ७०(क्ष − १) = २३०. यावरून १२०क्ष = ३००, क्ष = २.५. साडेनऊ वाजता. ताळा करायचाच: एसटी १२५ किमी, मोटार १०५ किमी, बेरीज २३०. गाठ पडते साताऱ्याच्या थोडं पुढे, म्हणजे उत्तर रस्त्याशीही जुळतं.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन रकाने माहितीतून भरा, तिसरा सूत्रातून भरा आणि न वापरलेल्या वाक्यातून समीकरण घ्या. पाठलागाच्या उदाहरणात, म्हणजे त्याच ठिकाणाहून मागून निघालेली गाडी पुढचीला गाठते तेव्हा, दोघांनी कापलेलं अंतर सारखं असतं, म्हणून बेरजेऐवजी दोन अंतरं समान मांडायची. नावेच्या उदाहरणात फक्त वेगाचा रकाना बदलतो. स्थिर पाण्यात नावेचा वेग क्ष आणि प्रवाहाचा य धरला, तर प्रवाहाच्या दिशेने क्ष + य, विरुद्ध दिशेने क्ष − य. बाकी सगळं तेच.

खरी गोची होते ती वेळेच्या फरकाची उदाहरणं आली की. सायकल ताशी १० किमी वेगाने चालवली तर शाळेत ५ मिनिटं उशीर होतो, १२ किमी वेगाने चालवली तर ३ मिनिटं लवकर पोहोचता येतं. शाळा किती दूर? मुलं ५ मधून ३ वजा करून मोकळी होतात. त्याऐवजी एक रेघ आखा, मधोमध शाळेची घंटा, उजवीकडे ५ मिनिटांवर एक खूण, डावीकडे ३ मिनिटांवर दुसरी. दोन खुणांमध्ये ८ मिनिटं आहेत हे डोळ्यांना दिसतं. अंतर क्ष किमी धरलं की वेळा क्ष/१० आणि क्ष/१२, म्हणून क्ष/१० − क्ष/१२ = ८/६०. क्ष = ८ किमी. ताळा: ४८ मिनिटं आणि ४० मिनिटं.

उजव्या बाजूला ८ न लिहिता ८/६० लिहिलं, कारण वेग तासांत आहे. एकक जुळवल्याशिवाय समीकरण लिहायचं नाही, यावर मी हटून बसते. अडीच तासांचे २.३० करणारी मुलं दर वर्षी भेटतात. घड्याळात ६० मिनिटांचा तास असतो आणि दशांश चिन्ह दहाच्या हिशेबाने चालतं, म्हणून ३० मिनिटं म्हणजे ०.५ तास.

आणखी एक फसवं उदाहरण तिच्याकडून नक्की सोडवून घ्या: जाताना वेग ताशी ६० किमी, त्याच रस्त्याने येताना ४०, तर सरासरी वेग किती? ५० उत्तर आलं तर चूक असं लगेच सांगू नका. अंतर १२० किमी धरायला सांगा. जायला २ तास, यायला ३, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे ताशी ४८ किमी. मग तिला अंतर २४० धरू द्या, शेवटी नुसतं क्ष धरू द्या. दर वेळी ४८ च येतं आणि क्ष आपोआप छेदला जातो हे तिने स्वतःच्या हाताने एकदा पाहिलं पाहिजे. अंतर दिलेलं नसलं तरी ते क्ष धरता येतं, हे धाडस मुलांना बहुधा इथूनच येतं.