मांडीची ताकद : सांध्याच्या कोणत्या कोनात?

मांडीच्या स्नायूंविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही चार निवडण्याचे कारण असे की, ताकद गुडघ्याच्या आणि खुब्याच्या कोणत्या स्थितीत मोजली किंवा वापरली, हा प्रश्न चौघांनाही कोणी विचारलेला दिसत नाही. उत्तरांमध्ये गुडघा पूर्ण सरळ म्हणजे ० अंश आणि खुर्चीवर बसल्यावर होतो तसा काटकोनात वाकलेला म्हणजे ९० अंश, असे धरावे.

प्रश्न : जिममधल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचे यंत्र) मधल्या टप्प्यात वजन सहज उचलले जाते, पण सुरुवातीला आणि पाय सरळ होताना शेवटी जोर अपुरा पडतो. घरी घोट्याला वजन बांधून हाच व्यायाम केला तर सुरुवात अगदी सोपी वाटते. माझ्या स्नायूत काही दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, तुमचे निरीक्षण अचूक आहे. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे, दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे, एकमेकांत शिरलेले असतात. गुंफण नेमकी असेल तेव्हा सर्वाधिक जोर निर्माण होतो. धागे फार ताणले गेले किंवा एकमेकांवर फार चढले तर तो घटतो. बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर प्रयोग करून गॉर्डन, हक्स्ली आणि ज्युलियन यांनी १९६६ मध्ये हे नेमकेपणाने दाखवून दिले. त्यात तरफेचा हिशेबही मिसळतो. गुडघ्याची वाटी कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, सांध्यापासून दूर ठेवते, त्यामुळे त्याच जोराचा परिणाम वाढतो. पण हे अंतर गुडघ्याच्या कोनानुसार बदलत राहते. या सगळ्याचा मेळ बसून मांडीच्या पुढच्या स्नायूंची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद बहुतेकांमध्ये ६० ते ७० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त भरते.

घरच्या व्यायामात गणित वेगळे असते, कारण तेथे वजन कोणत्या कोनात किती मागणी करते हे गुरुत्वाकर्षण ठरवते. गुडघ्यापासून ४० सेंटिमीटरवर २ किलोचे वजन बांधले आणि पाय टेबलावरून खाली लोंबकळत असेल, तर ते वजन स्नायूकडे जवळपास काहीच मागत नाही. ४५ अंशांवर त्याची मागणी साधारण ५.५ न्यूटन-मीटर (सांधा फिरवणाऱ्या जोराचे माप) होते आणि पाय आडवा सरळ झाला की सुमारे ८ न्यूटन-मीटर. म्हणजे स्नायू जेथे समर्थ आहे तेथे काम अर्धवट आणि जेथे दुबळा आहे तेथे पूर्ण भार, अशी स्थिती होते. म्हणून मशीनवरचे आणि घरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

प्रश्न : आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले. आम्ही टाच धरून उचलली तर तिचा गुडघा पूर्ण सरळ होतो, पण ती स्वतः उचलते तेव्हा शेवटचे १०-१५ अंश राहूनच जातात. ती म्हणते, "पायाला सांगते, पण तो ऐकत नाही." गुडघ्याखाली उशी घेतली की तिला बरे वाटते. ती प्रयत्न कमी करते आहे का?

उत्तर : नाही, आणि कृपया त्यांना तसे बोलू नका. त्यांनी केलेले वर्णन शब्दशः खरे आहे. गुडघ्यात सूज किंवा पाणी असेल तर सांध्यातील संवेदक मज्जारज्जूकडे संदेश पाठवतात आणि तेथे क्वाड्रिसेप्सला जाणारी आज्ञाच दाबली जाते. वेदना नसतानाही हे घडते. निरोगी माणसांच्या गुडघ्यात मुद्दाम मिठाचे निर्जंतुक पाणी भरून केलेल्या प्रयोगांत ते स्पष्ट दिसले आहे. मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीजवळ फुगीर दिसणारा भाग तर २० ते ३० मिलिलिटर पाण्यानेही मंदावतो. बाहेरच्या भागाला त्याहून अधिक पाणी लागते. म्हणूनच ऑपरेशननंतर वाटीच्या वर आतल्या बाजूला खळगा पडलेला दिसतो.

त्यात शेवटचे अंश मुळातच महाग असतात. लिब आणि पेरी यांनी १९६८ मध्ये कापून काढाव्या लागलेल्या पायांवर केलेल्या अभ्यासात, शेवटच्या १५ अंशांसाठी क्वाड्रिसेप्सला सुमारे ६० टक्के अधिक बल लावावे लागते, असे आढळले. आज्ञा दबलेली, स्नायू आखडलेल्या लांबीत आणि मागणी सर्वाधिक, अशी तिन्ही संकटे त्या १५ अंशांत एकत्र येतात. आईंचा पाय तेथेच अडतो, यात नवल नाही.

आता उशीविषयी. सुजलेल्या गुडघ्यातील दाब तो थोडा वाकलेला, साधारण ३० अंशांच्या आसपास, असताना सर्वांत कमी असतो. पूर्ण सरळ किंवा खूप वाकवला की वाढतो. म्हणून उशीने आराम मिळतो आणि म्हणूनच ती धोक्याची आहे: तासन्‌तास वाकलेला राहिलेला गुडघा पुढे दुसऱ्याने धरूनही सरळ होत नाही. उशी काढून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होईल. त्याच स्थितीत वाटी वर खेचण्याचा प्रयत्न करून मांडी घट्ट आवळायची, पाच मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची. हा प्रयत्न दिवसातून अनेकदा, थोडा थोडा व्हावा. त्याआधी बर्फाचा शेक घेतल्यास ती दाबलेली आज्ञा काही काळ मोकळी होते, असा अनुभव आहे आणि त्याला प्रयोगांचा आधारही आहे. मात्र बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. फिजिओथेरपिस्ट स्नायूला विजेचे सौम्य उत्तेजन देण्याचे सुचवत असतील तर नाही म्हणू नका. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखम लाल होऊन गरम लागू लागली किंवा आधी उचलला जाणारा पाय एकाएकी उचलता येईनासा झाला, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

प्रश्न : मी खो-खो खेळतो. मांडीचा मागचा स्नायू दोनदा दुखावला. पालथे झोपून लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवण्याचा व्यायाम) करताना दोन्ही पायांची ताकद सारखी आली, म्हणून मैदानावर उतरलो आणि तिसऱ्यांदा दुखावला. असे का झाले?

उत्तर : चाचणी झाली ती एका स्थितीत आणि दुखापत झाली ती दुसऱ्याच स्थितीत. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, बहुतांश भाग खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो; त्यामुळे त्याची लांबी दोन्ही सांधे मिळून ठरवतात. पालथे झोपल्यावर खुबा सरळ असतो, त्यात गुडघा वाकवत नेला की स्नायू दोन्ही टोकांकडून आखूड होतो. शेवटी मांडीत गोळा येतो तो याच कारणाने. वेगाने धावताना मात्र पुढे आलेला पाय जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी खुबा वाकलेला असतो, गुडघा सरळ होत असतो आणि झेपावणाऱ्या नडगीला आवर घालण्याचे काम हॅमस्ट्रिंगला ताणलेल्या अवस्थेत करावे लागते. दुखापत बहुधा तेथेच, त्यातही हॅमस्ट्रिंगपैकी बाहेरच्या बाजूच्या बायसेप्स फीमोरिस या स्नायूच्या लांब भागात, होते. चौकोनात खुबे आणि गुडघे पूर्ण दुमडून बसलेल्या खेळाडूने "खो" मिळताच काही पावलांत पूर्ण वेग गाठायचा, या तुमच्या खेळात ती वेळ वारंवार येते.

म्हणून पुन्हा मैदानावर जाण्यापूर्वी खुबा वाकलेल्या स्थितीतली ताकद दोन्ही पायांची तुलना करून तपासून घ्या. चालणे आणि हलके धावणे वेदनारहित झाल्यावर बसून करायचा लेग कर्ल, गुडघे किंचित वाकवून केलेले रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन घेऊन खुब्यातून पुढे वाकून पुन्हा उभे राहणे) आणि पुढे नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर उभे राहून, घोटे धरून ठेवलेले असताना शरीर सावकाश पुढे झुकवणे), असा क्रम मला योग्य वाटतो. १२ आठवड्यांच्या एका अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, बसून लेग कर्ल केलेल्या पायात हॅमस्ट्रिंगचा आकार सुमारे १४ टक्के वाढला, तर पालथे झोपून केलेल्या पायात ९ टक्के. यावरून पालथे झोपून केलेला व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. पण मैदानावर उतरण्याचा परवाना म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

प्रश्न : माझे वय ७२ आहे. जेवणाच्या खुर्चीवरून सहज उठतो, पण सोफ्यावरून उठताना हात टेकावे लागतात. रोज भिंतीला पाठ टेकून, गुडघे थोडे वाकवून उभा राहतो. तरी फरक पडत नाही.

उत्तर : आसन जितके बुटके तितका गुडघा अधिक वाकलेला आणि उठताना क्वाड्रिसेप्सवरची मागणी अधिक. तुमचा व्यायाम चांगला आहे, पण एकाच कोनात स्थिर राहून मिळवलेली ताकद मुख्यतः त्या कोनाच्या आसपासच वाढते. तुम्ही ३०-४० अंशांवर उभे राहता आणि सोफा ९० अंशांहून अधिक मागतो.

खुर्चीवर घट्ट, न घसरणाऱ्या दोन चटया घालून उंची वाढवा आणि हात न टेकता १० वेळा उठा-बसा. हे सलग आठवडाभर विनासायास जमले की एक चटई काढा, मग दुसरी. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या आणि उठण्याआधी धड पुढे झुकवा, म्हणजे भाराचा मोठा वाटा नितंबाच्या स्नायूंकडे जाईल. खाली बसताना धपकन बसू नका, तीन मोजत उतरा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी. वाटीमागे टोचल्यासारखे दुखले तर एक चटई परत घाला आणि आणखी आठवडाभर त्याच उंचीवर राहा.