बायोसेन्सरचा डिप्लोमा करू का?

प्रश्न: मी सांगलीत बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बायोसेन्सरवर (जिवाणू किंवा एन्झाइम वापरून एखादा पदार्थ ओळखणारं साधन), म्हणजे पाण्यातलं आर्सेनिक ओळखणाऱ्या जिवाणूंवर एक सेमिनार ऐकला, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. एक क्लास 60 हजारांत सहा महिन्यांचा ‘बायोसेन्सर डिप्लोमा’ देतोय. बाबा म्हणतात, बी.एड. कर. काय करू?

उत्तर: डिप्लोमा नको. एवढं सडेतोड मी सहसा सांगत नाही, पण ‘बायोसेन्सर डिप्लोमाधारक पाहिजेत’ अशी जाहिरात मी तरी अजून पाहिलेली नाही. ते पैसे एम.एस्सी.साठी ठेव.

सेमिनारमध्ये तू बहुधा हे ऐकलं असशील: ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएवर एक प्रथिन कुलूप लावून बसलेलं असतं. आर्सेनाइट (आर्सेनिकचं पाण्यातलं एक रूप) पेशीत शिरून त्याला चिकटलं की कुलूप निघतं आणि पुढची जनुकं चालू होतात. एरवी ती आर्सेनिक बाहेर फेकणारा पंप बनवतात; संशोधकांनी त्याच कुलपामागे चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलं. पाण्यात विष असेल तर जिवाणू चमकतात. भुरळ पडावी असंच आहे ते.

आता न सांगितलेला भाग. धातूंच्या तपासणीसाठी पाणी भरताना बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच 2च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून बसतात. त्या पाण्यात तुझे जिवाणू सोडलेस तर ते मरतील, आणि उजेड दिसला नाही म्हणून तू लिहिशील, ‘आर्सेनिक नाही’! शिवाय प्रयोगशाळेतलं एएएस यंत्र (अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणारं) एकूण धातू मोजतं, जिवाणूला मात्र पेशीत शिरेल तेवढाच कळतो. दोन आकड्यांत फरक पडणारच. तो का पडला, हे सांगता येणाऱ्याला या क्षेत्रात किंमत आहे. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे; तिथे अंदाजपंचे चालत नाही.

म्हणून तुझी खरी उणीव रसायनशास्त्राची. सुट्टीत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या एखाद्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत महिनाभर बस, बिनपगारी का होईना. जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.साठी) आणि गॅट-बी (बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी) या दोन्ही प्रवेश परीक्षा दे. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीचं गणित आणि फिजिक्सही येतं, ते आत्ताच काढ. पुढे संशोधनात जायचं ठरलं तर नागपूरची नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), पुण्यातली एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), मुंबईची आयआयटी ही दारं ठोठावता येतील.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगतो. बायोसेन्सरची मोठी बाजारपेठ रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांची आहे, धातूंची नाही. पण त्या पट्ट्यांत आणि धातूंच्या काही सेन्सरमध्येही इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवायचं कसब तेच. धातूंवर प्रोजेक्ट करून रोगनिदानाचे किट बनवणाऱ्या कंपनीत लागलीस, तर त्यात कमीपणा मानू नकोस.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, बाबांना तेवढं सांग. आणि क्लासवाल्यांना फोन करून एकच विचार: तुमच्याकडे पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचा विद्युतदाब ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र) आहे का, आणि तो विद्यार्थ्यांना हाताळू देता का? काय म्हणतात ते मला कळव.