पांचट, आचरट आणि धडपड्या हेर

प्रश्न असा आहे : 'गुप्तहेरपटांची टर उडवणारा एक धिंगाण्याचा विनोदी सिनेमा आम्ही चौघांनी मिळून पाहिला. एक म्हणाला पांचट, दुसरी म्हणाली आचरट, तिसरा म्हणाला पाचकळ. मी मात्र पोट धरून हसलो. या तीन शब्दांचा अर्थ एकच का? आणि स्पूफ नि स्लॅपस्टिक यांना मराठीत काय म्हणावं?'

अर्थ एकच नाही. तुमच्याबरोबरच्या तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींबद्दल मत दिलंय.

पांचट म्हणजे मुळात पाणचट, पाणी जास्त होऊन चव गेलेलं. विनोदाला पांचट म्हणणारा सांगत असतो की मला हसू आलं नाही. कोटी शिळी होती, किंवा एकच गंमत ताणून ताणून तिचा जीव गेला. आचरट हा शब्द चवीबद्दल बोलतच नाही, तो वागण्याबद्दल बोलतो. मूल आचरट असतं, मोठा माणूस आचरटासारखा वागतो. फरक ताडून पाहायची एक सोपी खूण आहे. 'काय आचरटपणा चाललाय!' हे वाक्य हसत हसत, डोळे पुसतही म्हणता येतं. 'काय पांचट आहे!' हे तसं म्हणून पाहा, जमत नाही. म्हणून ज्या बाई आचरट म्हणाल्या त्यांना सिनेमा आवडला नाही असं धरून चालू नका. या जातीच्या सिनेमाला आचरट म्हणणं हे बऱ्याचदा नुसतं वर्णन असतं.

पाचकळ हा शब्द जिभेला चिकटलेला आहे. माणूस पाचकळ बोलतो, पाचकळ कोट्या करतो. पण केळीच्या सालीवरून घसरणाऱ्याला कुणी पाचकळ म्हणत नाही. तेव्हा तिसऱ्या प्रेक्षकाची तक्रार संवादांबद्दल असणार. तेच बोलणं शृंगाराकडे झुकलं की आपण चावट म्हणतो, आणि त्यात लाडिक खोडी असली की वात्रट. वात्रट शब्दाला तर वात्रटिकेमुळे साहित्यात हक्काची जागा मिळाली. पाचकळला ती कधीच मिळाली नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

आता स्पूफ. इंग्रजीत हा शब्द आला तो एका खेळाच्या नावावरून. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडमधला विनोदी नट आर्थर रॉबर्ट्स याने फसवाफसवीचा एक खेळ काढला होता, त्याचं हे नाव. मराठीत यासाठी विडंबन हा शब्द तयार आहे आणि तो पुरेसा आहे. काही जण इथे उपहास सुचवतात, पण उपहासाला धार हवी, थोडा रागही हवा. विडंबनात मुळावर प्रेम असलं तरी चालतं. 'झेंडूची फुले'मधल्या अत्र्यांच्या विडंबनांची खरी मजा कुणाला येते? ज्याला मूळ कविता आणि तिचे कवी माहीत असतात त्याला.

विडंबनाची एक जुनी छटा तर इथे नेमकी बसते. संस्कृतात विडम्बन म्हणजे थट्टेने केलेली नक्कल, तसंच वेषांतर आणि बतावणीही. तिसरा अर्थ फजिती, अप्रतिष्ठा. आपला विटंबना हा शब्द तिथलाच. म्हणजे वेष पालटून वावरणारा हेर, त्याची केलेली नक्कल आणि त्याची झालेली फजिती, तिन्ही एकाच शब्दात आली. मराठीत मात्र दोन रूपांची वाट वेगळी झाली आहे, ती मोडू नका. 'या सिनेमात हेरपटांचं विडंबन आहे' हे कौतुक. 'हेरपटांची विटंबना आहे' ही तक्रार. लिहिताना या दोहोंची गल्लत झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

विडंबन समजायला मूळ ठाऊक लागतं, हे या सिनेमांच्या बाबतीत विशेष खरं आहे. जेम्स बॉण्डचा पहिला चित्रपट १९६२चा. 'गेट स्मार्ट' ही त्या साच्याची थट्टा करणारी अमेरिकन मालिका १९६५ साली सुरू झाली आणि तिच्यातल्या हेराचा फोन चक्क बुटात होता. हेराच्या खिशातून निघणाऱ्या अजब यंत्रांची ज्याला ओळख आहे तो त्या बुटाला हसतो. ज्याला नाही त्याला बूट कानाला लावणारा एक वेडगळ माणूस दिसतो. हसू त्यालाही येतं, पण कारण वेगळं असतं.

आणि इथेच स्लॅपस्टिक येतं. हा शब्द खरोखरच्या काठीवरून आला. इटलीच्या जुन्या मुखवटानाट्यात विदूषकाच्या हाती दोन फळ्यांची एक काठी असे. मारली की फाडकन आवाज मोठा होई, लागत मात्र फारसं नसे. आवाज मोठा आणि इजा नाही, हे या विनोदाचं सगळं तंत्र. असा एक प्रसंग मला आठवतो. काळ्या सुटातला हेर आरशात पाहून टाय नीट करतो, बाह्या सारख्या करतो, भुवई किंचित उंचावतो आणि ऐटीत निघतो तो थेट काचेच्या बंद दारावर आपटतो. माझ्या शेजारचं लहान मूल आपटल्यावर हसलं. पलीकडचे आजोबा आधीच हसले होते, भुवई उंचावली तेव्हाच. आजोबा विडंबनाला हसले, मूल आपटण्याला. सिनेमाबद्दलची मतं फाटतात ती पुष्कळदा याच जागेवरून : एकाला नुसती आपटाआपटी दिसते, दुसऱ्याला भुवई.

स्लॅपस्टिकला मराठीत 'अंगविक्षेपी विनोद' म्हणतात, पण त्यात नापसंती आधीच भरलेली आहे. आंगिक विनोद हा शब्द बरा. अभिनयाच्या चार प्रकारांतला आंगिक आपल्याला परिचित आहे आणि त्यात कुणाची निंदा नाही. फार्स मात्र म्हणू नका. रंगभूमीवर तो शब्द जुना आणि चांगला आहे, पण रोजच्या बोलण्यात 'चौकशीचा फार्स' असाच तो उरला आहे, म्हणजे नुसता देखावा. प्रहसनही संपूर्ण नाट्यप्रकाराचं नाव आहे, आपटण्याच्या तंत्राचं नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडतं ते साधं क्रियापद : धडपडणं. मराठीत धडपडणारा माणूस ठेचकाळून पडतो, आणि धडपडणारा माणूस जिवापाड खटपटही करतो. साने गुरुजींची 'धडपडणारी मुले' दुसऱ्या अर्थाची. या सिनेमांतला नायक एकाच वेळी दोन्ही अर्थांनी धडपडतो. जग वाचवायची त्याची तळमळ खरी असते आणि पाय अडखळणंही खरं. हेर हा शब्द आपण हेरणे या क्रियापदाशी जोडून ऐकतो, म्हणजे नेमकं टिपून काढणं. हेरणं हेच ज्याचं काम त्याला समोरचं दार दिसू नये! 'धडपड्या हेर' म्हटलं की मराठी वाचकापुढे तो माणूस उभा राहतो. एका ओळीत वर्णन हवं असेल तर मी लिहीन : धडपड्या हेराची गोष्ट सांगणारं हेरपटांचं विडंबन, भरपूर आंगिक विनोदासह.

राहिलं तुमचं स्वतःचं हसू. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. शेवटच्याची लक्षणं म्हणजे डोळ्यांत पाणी, चढलेला आवाज आणि हातांनी दाबून धरलेल्या कुशी. आपण जे 'पोट धरून' म्हणतो त्याच्या हे किती जवळ आहे पाहा. भरताने हा प्रकार अधम पात्रांकडे दिलाय खरा, पण ती वाटणी रंगमंचावरच्या पात्रांची, प्रेक्षकांची नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी बाकीचे तिघं पांचट-पाचकळ म्हणतील तेव्हा 'मी अतिहसित केलं' असं खुशाल सांगा.